मालकाले इचारून सांगतो

मे महिन्यात अकोल्यात कूलरचा पंप बंद पडणं म्हणजे काय, हे वऱ्हाडाबाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. दोनच दिवसांपूर्वी घेतलेला पंप पिशवीत घालून मी दुकानात गेलो. काउंटरवरच्या पोराने तो बादलीत बुडवून लावून पाहिला, बिलावरची तारीख वाचली. पंप खराब आहे हे त्याला कळलं होतं. मागच्या फळीवर तसलेच वीस पंप रचून ठेवलेले होते. तरी तो म्हणाला, "मालकाले इचारून सांगतो." मालक शेगावला दर्शनाला गेले होते आणि त्यांचा फोन लागत नव्हता. तीनशे रुपयांच्या वस्तूपायी मी त्या उन्हात दोन चकरा मारल्या.

पुढे काही महिन्यांनी अमरावतीत एका नव्या कंपनीच्या कार्यालयात बसलो होतो. भिंतीवर काचेचा फळा, त्यावर रंगीत चिठ्ठ्या, कोपऱ्यात कॉफीचं मशीन, सात-आठ तरुण मुलं लॅपटॉपवर. एका ग्राहकाचा फोन आला. दोन महिन्यांची वर्गणी चुकून दोनदा कापली गेली होती, एवढीच तक्रार. फोन घेणाऱ्या मुलीने पडद्यावर नोंद पाहिली, चूक आपलीच आहे हे तिच्या लक्षात आलं, आणि ती म्हणाली, "सरांना विचारून कळवते." सर त्या वेळी पुण्याला गुंतवणूकदारांना भेटायला गेले होते.

दुकान साठ वर्षांचं, कंपनी दोन वर्षांची. एकीकडे गल्ला, दुसरीकडे ॲप. वाक्य मात्र एकच, फक्त वऱ्हाडीतून प्रमाण मराठीत आलेलं.

स्टार्टअप उभा करणाऱ्याला कोणती नेतृत्वकौशल्यं लागतात, यावर ढिगाने पुस्तकं आहेत. दृष्टी हवी, संवाद हवा, जोखीम घेण्याची तयारी हवी, असं सगळी सांगतात आणि ते खोटं नाही. पण मला एक साधी मोजपट्टी जास्त भरवशाची वाटते. संस्थापक गावात नसताना त्याच्या माणसांना "विचारून सांगतो" हे वाक्य दिवसातून किती वेळा उच्चारावं लागतं? हा आकडा महिन्यागणिक कमी होत असेल तर संस्था वाढते आहे. वाढत असेल तर फक्त धंदा वाढतो आहे, आणि तोही मालकाच्या तब्येतीवर.

या प्रश्नाचा अभ्यास करायला अमेरिकेतल्या कंपन्यांपर्यंत जायची गरज नाही. अकोल्याचं कृषी विद्यापीठ १९६९ साली सुरू झालं, त्याला नाव आहे डॉ. पंजाबराव देशमुखांचं. अमरावतीचं विद्यापीठ १९८३ सालचं, ते आज संत गाडगेबाबांच्या नावाने ओळखलं जातं. पहिला ऑक्सफर्डचा डॉक्टर, दुसऱ्याला अक्षरओळख नव्हती. दोघेही अमरावती जिल्ह्यातल्या खेड्यांत जन्मले, आणि दोघांनीही उभं केलेलं काम त्यांच्या पश्चात चालू राहिलं. त्यांच्याकडे आपण संत आणि पुढारी म्हणून पाहतो. थोडा वेळ संस्थापक म्हणून पाहू.

आधी झाडू, मग वीट

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगावचा. वडील दारूपायी लवकर गेले, म्हणून बालपण आजोळी, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात, गुरं राखण्यात आणि शेतीत गेलं. मामाची जमीन सावकाराच्या कागदात अडकलेली त्यांनी तिथेच पाहिली. १९०५ साली त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्यांची गोधडी, हाती खराटा आणि मातीचं गाडगं. त्यावरूनच पुढे नाव पडलं गाडगेबाबा.

बाबांच्या कामाची रीत पाहण्यासारखी आहे. गावात आले की आधी गाव झाडायला घेत. कीर्तन रात्री. झाडण्याकडे आपण सेवा म्हणून पाहतो आणि ती सेवा होतीच. पण गाव झाडणाऱ्या माणसाला दिवस मावळेपर्यंत गावाची जितकी माहिती होते, तितकी गावच्या पाटलालाही नसते. कोणत्या गल्लीत सांडपाणी तुंबतं, कोणत्या वाड्यापुढे कोणाला उभं राहू देत नाहीत, गुत्ता कुठे आणि शाळा कुठे, हे खराट्याखालून जातं. रात्रीच्या कीर्तनाला लागणारा सगळा ऐवज दुपारीच गोळा होत असे.

त्यांची कामंही अशीच उघड्या डोळ्यांना दिसलेल्या अडचणींतून निघाली. ऋणमोचनला पूर्णेच्या काठी पौषातल्या रविवारी जत्रा भरते. चिखलाच्या काठावरून नदीत उतरताना लोकांचे हाल होत, म्हणून तिथे घाट बांधला. पंढरपूरला अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांना पाठ टेकायला जागा मिळत नसे, म्हणून चोखामेळा धर्मशाळा. मुंबईत जे. जे. रुग्णालयात माणूस भरती झाला की गावाकडून आलेले नातेवाईक फुटपाथवर झोपत, म्हणून तिथे धर्मशाळा. मूर्तिजापूरला गोरक्षण. प्रत्येक ठिकाणी आधी कोणाची तरी नेमकी अडचण आहे, आणि बांधकाम नंतर.

नव्या उद्योजकांची गल्लत बहुतेक इथेच होते. आधी ॲप तयार होतं आणि मग त्याला अडचण शोधली जाते. वऱ्हाडात कापसाच्या, तुरीच्या, संत्र्याच्या व्यवहारावर काही करू पाहणाऱ्याने निदान एक हंगाम बाजार समितीत पहाटे पाचला उभं राहावं. काट्यावर काय होतं, हमाल आणि मापारी यांचे पैसे कुठे कापले जातात, लिलाव संपल्यावर चुकारा हाती पडायला किती वेळ लागतो, हे सगळं पाहावं. संस्थापकाचा खराटा तो हाच. पुढे माणसं वाढल्यावर रोज झाडायचं नसतं, पण आपण कधी झाडलंच नसेल तर दुसऱ्याने नीट झाडलं की नाही हे कळत नाही.

उत्तर लोकांच्या तोंडून

बाबांच्या रीतीचा दुसरा विशेष म्हणजे ते कीर्तनात प्रश्न विचारत. अस्सल वऱ्हाडी बोलीत एक साधा प्रश्न, त्यावर समोरच्या हजारो लोकांचं एका आवाजात उत्तर, त्या उत्तराला धरून पुढचा प्रश्न. कर्ज काढून सण करावा का, दारू प्यावी का, पोराला शाळेत घालावं का, याचा निवाडा बाबा देत नसत, श्रोते देत. रात्री स्वतःच्या तोंडाने "नाही" म्हटलेला माणूस सकाळी निदान थोडा ओशाळतो.

कंपनीतली बैठक याच्या नेमकी उलट चालते. संस्थापक पाऊण तास बोलतो, शेवटी "कोणाला काही विचारायचंय?" असं विचारतो आणि खोलीत शांतता पसरते. ती शांतता म्हणजे होकार असं तो समजतो. खरं तर निर्णय अजून त्याच्या एकट्याचाच असतो, इतरांनी फक्त तो ऐकलेला असतो. ज्याचा निर्णय त्याची जबाबदारी, हा माणसाचा स्वभाव आहे. म्हणून पुढच्या अडचणीला पुन्हा तेच, "सरांना विचारून सांगतो." बैठकीत संस्थापकाने सर्वांत शेवटी बोलावं, एवढा एक नियम सहा महिने पाळून पाहावा. आधी माहिती सांगावी, प्रश्न मांडावा, आणि जो माणूस ते काम रोज करतो त्याला पहिलं उत्तर देऊ द्यावं.

गल्ल्याची किल्ली

तिसरी गोष्ट पैशाची, आणि बाबांचं खरं व्यवस्थापन मला इथे दिसतं. लाखो रुपयांची बांधकामं त्यांच्या शब्दावर झाली, पण देणगीच्या पैशाला ते हात लावत नसत. कारभार विश्वस्तांकडे. बाबा स्वतः भाकरी मागून खात. आपल्या घरच्या माणसांनी या धर्मशाळांचा फायदा घेऊ नये यावर त्यांचा कटाक्ष होता. मी कोणाचा गुरू नाही आणि माझा कोणी शिष्य नाही, ही त्यांची भूमिका तर सगळ्यांना ठाऊक आहे. पंढरपूरची वास्तू पुढे त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. १९५२ साली गाडगे महाराज मिशन स्थापन झालं. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ, वलगावच्या वाटेवर पेढी नदीकाठी बाबा गेले, तेव्हा कोणत्याही धर्मशाळेची किल्ली त्यांच्या कमरेला नव्हती.

याचा अर्थ उद्योजकाने बैरागी व्हावं असा नाही. उलट तरुण संस्थापकांत एक खोटा त्याग फार दिसतो. "मी दोन वर्षं पगारच घेतला नाही," असं ते अभिमानाने सांगतात. मग घरभाडं कंपनीच्या कार्डावरून जातं, कंपनीचं विजेचं बिल वडिलांच्या खात्यातून, आणि बहिणीच्या लग्नाच्या महिन्यात नेमकं काय झालं ते कोणालाच सांगता येत नाही. आपल्या बाजारपेठेत पिढ्यान् पिढ्या हेच होत आलं. घर आणि दुकान यांचा गल्ला एकच. मुनिमाचा रोजमेळ कितीही चोख असला तरी मालक गल्ल्यातून मूठभर नोटा उचलून घरी गेला की हिशेब तिथेच संपतो.

बाबांनी दोन खिसे वेगळे ठेवले, धडा तेवढाच आहे. संस्थापकाने थोडा का होईना ठरलेला पगार घ्यावा, तो दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला घ्यावा आणि त्यापलीकडे कंपनीच्या पैशाला हात लावू नये. यात कराचा आणि कायद्याचा भाग आहेच, पण नेतृत्वाचा भाग त्याहून मोठा आहे. मालकालाही नियम लागू आहे हे दिसलं, की बाकीच्यांना नियम सांगावा लागत नाही.

दिल्लीत राहून अमरावती चालवणं

पंजाबराव देशमुखांची गोष्ट वेगळ्या बाजूने शिकवते. जन्म २७ डिसेंबर १८९८, गाव पापळ. इंग्लंडमध्ये वैदिक वाङ्मयातल्या धर्माच्या विकासावर संशोधन, बॅरिस्टरी, मग परत येऊन अमरावतीत वकिली. १९२७ साली अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी चळवळ. खेड्यातून शिकायला येणाऱ्या सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय. १९३० नंतर ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारात मंत्री झाले, आणि १९३२ साली अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली.

हा क्रम पाहा. शाळा काढणारा माणूस पूर्णवेळ शाळेत बसणारा नव्हताच. पुढे ते संविधान सभेत गेले, आणि १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षं केंद्रात कृषिमंत्री म्हणून दिल्लीत राहिले. तिथे त्यांनी १९५५ साली भारत कृषक समाज काढला, १९५९-६० मध्ये जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं. अमरावतीतला शिपाई रजेवर गेला तर त्याच्या जागी कोण, हे दिल्लीला विचारून ठरवायची सोय नव्हती. तशी सोय ठेवली असती तर संस्था चार शाळांवर थांबली असती. ती खेडोपाडी पसरली, अमरावती-अकोल्यात मोठी महाविद्यालयं चालवू लागली आणि विदर्भातल्या सर्वांत मोठ्या शिक्षणसंस्थांत गणली गेली.

त्यासाठी त्यांनी जी रचना निवडली तिची किंमतही आहे. संस्था सभासदांची, कार्यकारिणी निवडणुकीतून येणार. ती निवडणूक आजही अशा चुरशीने लढली जाते की त्या दिवसांत अमरावतीच्या चहाच्या टपरीवर दुसरा विषय नसतो. गटबाजी होते, वाद होतात. पण संस्थापक १९६५ साली गेले म्हणून दरवाजे बंद झाले नाहीत आणि गल्ला कोणा एका वारसाकडे गेला नाही. अधिकार वाटले की भांडणं वाढतात आणि आयुष्यही वाढतं. संस्थापकाला यातलं काय हवं हे सुरुवातीलाच ठरवावं लागतं.

अमरावतीतलंच तिसरं उदाहरण म्हणजे १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. आखाड्याची जुनी रीत अशी की विद्या उस्तादाच्या अंगात असते. उस्ताद थकला की आखाडा ओस. मंडळाने पैलवानांबरोबर शिकवणारे घडवायला घेतलं, व्यायामाचा अभ्यासक्रम केला, शिक्षक तयार करून बाहेर पाठवले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली, हे सर्वांना माहीत आहे. मला त्याहून मोठी वाटते ती उस्तादाच्या अंगातली विद्या कागदावर आणि दुसऱ्याच्या अंगात उतरवण्याची खटपट. नव्या कंपनीत पहिले पन्नास ग्राहक संस्थापकाने स्वतः मिळवलेले असतात. ते कसे मिळवले, कोणत्या शंकेला काय उत्तर दिलं, हे लिहून दुसऱ्याला शिकवलं नाही तर एक्कावन्नावा ग्राहकही त्यालाच आणावा लागतो.

किल्ल्या वाटायच्या कशा

आता व्यवहाराचं. पाच माणसांची कंपनी असते तेव्हा रचना लागत नाही, कारण पाच जणांत एकमेकांशी बोलणाऱ्या जोड्या होतात दहा. सगळ्यांना सगळं कळतं. माणसं पंधरा झाली की जोड्या होतात एकशे पाच, आणि तीस झाली की चारशे पस्तीस. माणसं सहापट, जोड्या साडेत्रेचाळीसपट. पूर्वी चहाच्या कपावर ठरणाऱ्या गोष्टी आता कोणाच्या तरी कानावर जायच्या राहून जातात. संस्थापकाला वाटतं, माणसं पूर्वीसारखी राहिली नाहीत. माणसं तीच असतात, गणित बदललेलं असतं.

इथे पहिली किल्ली रकमेची. ग्राहकाला परतावा, बदली, सवलत यासाठी प्रत्येकाची एक मर्यादा लेखी ठरवावी. फोन घेणारी मुलगी पाचशे रुपयांपर्यंत कोणाला न विचारता निर्णय घेईल, तिचा वरिष्ठ पाच हजारांपर्यंत, त्यापुढचं संस्थापकाकडे. महिन्याच्या शेवटी नोंदी एकत्र पाहाव्यात. एखाद-दुसरा निर्णय चुकलेला असेल. त्या चुकीचा खर्च आणि परत फिरलेल्या ग्राहकांचा खर्च एकमेकांशेजारी लिहून पाहिला की मर्यादा वाढवायची की कमी करायची हे आपोआप कळतं.

दुसरी किल्ली मालकीची. बहुतेक कंपन्या दोन-तीन वर्गमित्र मिळून काढतात आणि कटिंग चहावर हिस्से ठरतात. दीड वर्षाने एकाला बंगळुरूला नोकरी लागते. तो जातो, त्याचा तेहतीस टक्के हिस्सा कागदावर तसाच राहतो आणि उरलेले दोघे त्याच्यासाठी राबतात. यावर रूढ तोडगा असा की हिस्सा चार वर्षांत टप्प्याटप्प्याने पक्का व्हावा आणि पहिलं वर्ष पुरं होण्याआधी सोडून जाणाऱ्याला काही मिळू नये. असं मित्राशी लिहून घेणं आपल्याकडे अविश्वासाचं समजलं जातं. मामाची जमीन कागदापायी जाताना पाहिलेल्या डेबूजीला विचारलं असतं, तर त्याने उलट सांगितलं असतं.

तिसरी किल्ली माहितीची, आणि वऱ्हाडात ती हंगामाशी बांधलेली आहे. समजा, तुमची कंपनी जिनिंगवाल्यांना सेवा देते. मार्चअखेर बँकेत २४ लाख आहेत, महिन्याचा खर्च ३ लाख. म्हणजे आठ महिने, नोव्हेंबर संपेपर्यंत. दिवाळीनंतर जिन सुरू होतात, तेव्हा वरवर सगळं जुळतं. पण जिनवाला पहिलं बिल जानेवारीअखेर चुकतं करतो. डिसेंबर आणि जानेवारीचे ६ लाख कुठून येणार? हे गणित संस्थापक एकटाच डोक्यात घेऊन फिरतो, रात्री झोपत नाही, आणि टीमला ऑगस्टमध्ये नवे लॅपटॉप हवे असतात. हाच आकडा एप्रिलमध्येच सगळ्यांपुढे फळ्यावर लिहिला तर कोणीतरी म्हणेल, संत्र्याच्या आंबिया बहाराचे व्यापारी त्या आधी पैसा मोकळा करतात, वरूड-मोर्शीला जाऊन पाहू. मालकाला न सुचलेला उपाय ज्याच्या तोंडून येईल तो बाजारात फिरणारा असतो, पण त्याला आकडा माहीत असेल तरच.

या प्रांताला तेजीचाही जुना अनुभव आहे. १८६१ ते १८६५ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं आणि भाव कोसळले. तेजीत सगळेच शहाणे दिसत होते. २०२१ साली भारतीय स्टार्टअपना विक्रमी भांडवल मिळालं आणि पुढच्याच वर्षी हात आखडले गेले, तेव्हाही हेच झालं. भाव चढला म्हणून भरलेली माणसं भाव उतरल्यावर काढावी लागली. चढता बाजार हे आपलं कर्तृत्व नाही, एवढं ज्या संस्थापकाला तेजीतच कळतं त्याच्या माणसांना मंदीत कमी सोसावं लागतं.

या सगळ्याची परीक्षा सोपी आहे आणि वऱ्हाडातल्या कोणालाही जमण्यासारखी. एका गुरुवारी सकाळी शेगावला जा. फोन बंद करून गाडीत ठेवा. दर्शन घ्या, महाप्रसाद घ्या, आनंदसागरचा रस्ता विचारणाऱ्या कोणाला तरी वाट दाखवा, संध्याकाळी परत या. आल्याबरोबर "आज किती झाले?" असं विचारू नका. आज कोणी काय ठरवलं, ते विचारा. काहीच ठरलं नसेल, सगळं तुमच्यासाठी राखून ठेवलं असेल, तर अजून बरंच काम बाकी आहे. आणि एखाद्या पोराने न विचारता पंप बदलून दिला असेल आणि तो नेमका चुकीच्या माणसाला दिला असेल, तर तीनशे रुपयांचा तोटा मान्य करून त्याला एवढंच विचारा, "बिलावरची तारीख पाहिली होती का?" आवाज न चढवता विचारलंत, तर पुढच्या वेळी तो तारीख पाहील. आवाज चढवलात, तर तो मालकाले इचारेल.